चार खणांत दोन जोडपी

चांगला चार्जर आणि चांगला जावई यांची पारख वापरल्याशिवाय होत नाही, असं माझं मत आहे. माझ्या बायकोला, लेसियाला, ते मुळीच मान्य नाही. जावई तिने पहिल्या जेवणातच ओळखला होता म्हणे, आणि चार्जर मला सात जन्मांत ओळखता येणार नाही. हे ती म्हणाली तेव्हा आमच्या ओट्यावर माझा जुना चार्जर वितळत होता आणि मी त्याच्यावर ओव्हनचा हातमोजा दाबून उभा होतो, त्यामुळे वाद घालण्यासारखी माझी परिस्थिती नव्हती.

वितळतानासुद्धा त्याचा हिरवा दिवा शांतपणे चालू होता. हिरवा म्हणजे सगळं ठीक. बॅटरी रिकामी असो, भरलेली असो किंवा खणात बॅटरीच नसो, त्या दिव्याने आयुष्यात दुसरं काही सांगितलंच नाही. मी विनिपेग शहराच्या पाणीखात्यात मीटर तपासणारा माणूस. आकडा न दाखवणाऱ्या वस्तूवर विश्वास ठेवायचा नसतो हे मी नव्या पोरांना शिकवतो, आणि घरी मात्र एका दिव्यावर विसंबून बसलो होतो.

आता या चार्जरची एवढी मातब्बरी काय, तर प्रत्येक खोल श्वासाला खोकला आणणारी सिगरेट मी एप्रिलपासून सोडली होती. सोडली म्हणजे तिच्या जागी वेप आणला होता. दोन बॅटऱ्या घालायच्या, बटण दाबायचं आणि आंब्याच्या वासाची वाफ ओढायची. दिसायला ते बावळट दिसतं, मला मान्य आहे. पण आमची मुलगी टमारा तिकडे ब्रँडनला बाळंतपणाला टेकलेली, आणि तिने फोनवर स्वच्छ सांगून ठेवलं होतं, "तातो, सिगरेटचा वास येणाऱ्या माणसाच्या मांडीवर माझं बाळ बसणार नाही. तू असलास तरी." आमच्या युक्रेनी घरांत बापाला तातो म्हणतात आणि आजोबाला गीदो. तातो मी होतोच. गीदो व्हायचं होतं, आणि ते या दोन बॅटऱ्यांवर अडलं होतं, कारण वेप बंद पडला की माझा हात आपोआप खिशात सिगरेटचं पाकीट शोधू लागतो. पाकीट नाही हे हाताला अजून कुणी कळवलेलं नाही.

"विश्वासाचा चार्जर आण," लेसिया म्हणाली. "नाहीतर ते धुराडं घराबाहेर. आणि सिगरेट ओढलीस तर टमाराला मी खोटं सांगणार नाही."

ती खोटं सांगत नाही हे खरंच आहे. ती काहीच सांगत नाही. आमच्या वस्तीजवळच्या दवाखान्यात ती बाहेरच्या खिडकीशी बसते, आणि कुणाला काय झालंय याबद्दल तिने आजवर ताकास तूर लागू दिलेली नाही. सर्दी झालेल्या माणसाला तिच्यासमोर शिंक आली तरी ती ओळख दाखवत नाही.

चार्जर घ्यायचा आहे हे मी शेजारच्या गॉर्डीजवळ बोललो, ही पहिली चूक. गॉर्डी मॅकफेल रेल्वेतून निवृत्त झालेला, माझा जुना सिगरेटसोबती.

"माचिस कधी चार्ज करावी लागलीय का रे?" त्याने विचारलं.

"नाही."

"झालं तर मग."

त्याच्या बायकोने, मार्लीनने, गाजरं चघळायचा सल्ला दिला. मी दोन दिवस गाजरं चघळली आणि कामाच्या ठिकाणी माझं नाव ससा पडलं. तिथला डेलमार म्हणाला की आठ खणी चार्जर घे, आणि त्याच्या मेव्हण्याकडे पंखा बसवलेला आहे तसलाच घे. मेव्हणा वेप ओढतो का, असं विचारल्यावर कळलं की नाही, त्याला पंखे आवडतात.

शेवटी दुकानात गेलो. तिथे रोवेना नावाची फिलिपिनो बाई असते. तिला विकण्यापेक्षा संसार लावून देण्याची आवड जास्त. तिने चार खणी चार्जर पुढे ठेवला. प्रत्येक खणाला वेगळा आकडा, बॅटरी भरली की आपण होऊन थांबणार, उलटी घातली तर घेणार नाही, आणि बॅटरीत खोट असेल तर त्या खणात सरळ 'खराब' असं लिहून येणार. आकडे बघून मला भरून आलं.

"सर, बॅटऱ्यांची लग्नं लावलीत का?" तिने विचारलं.

मी म्हणालो, आमच्याकडे तशी पद्धत नाही.

"लावावीच लागतात! तुमच्या वेपमध्ये दोन लागतात ना? मग त्या दोघी एकदमच घ्यायच्या, एकदमच वापरायच्या, एकदमच चार्ज करायच्या. हिची ती, तिची ही. याच्या घरातली त्याच्या घरात घातलीत तर एक दुसरीला पिळून काढते, आणि मग होतो स्फोट. माणसांचं असतं तसंच. आणि एक गेली की दुसरीलाही ठेवायची नाही, कितीही धडधाकट असली तरी. नावं लिहून ठेवा. अ आणि ब लिहा, क आणि ड लिहा."

माझ्याकडे चार बॅटऱ्या होत्या. अ कुणाचा नवरा आणि ड कुणाची बायको हे माझ्या लक्षात राहणं शक्य नव्हतं. पण आमच्या वस्तीतली जोडपी मला झोपेतही सांगता येतात. म्हणून मी पांढऱ्या पट्ट्या चिकटवून एका जोडीवर 'गॉर्डी' आणि 'मार्लीन' लिहिलं, दुसरीवर 'एलवुड' आणि 'रूथ'. एलवुड पेनर हे आमच्या वस्तीच्या मंडळाचे अध्यक्ष. माझ्या या युक्तीचा मला अभिमान वाटला होता, हे इथे नमूद करून ठेवतो.

मी नवा चार्जर ओट्यावर लावतोय तोच पेनर दारात. मंडळाने मागच्या वर्षी विजेच्या सायकलींसाठी एक नियम केला होता. त्याप्रमाणे एकाच वेळी एकाहून जास्त लिथियम बॅटऱ्या चार्ज करणारी व्यवस्था म्हणजे 'चार्जिंग केंद्र', आणि केंद्राला तपासणीशिवाय घरात परवानगी नाही.

"अहो पेनर, हे माझ्या तळहातावर मावतं," मी म्हणालो.

"केंद्र लहान असू शकतं," पेनर म्हणाले. ते मेनोनाइट या शांतताप्रिय ख्रिस्ती पंथाचे, आवाज कधी चढवत नाहीत, त्यामुळे त्यांच्याशी भांडताही येत नाही. "गुरुवारी तपासणीला येतो."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत बाहेर. नियमात बाहेरचं काही म्हटलेलं नाही."

बाहेर म्हणजे कुठे, तर आमच्याकडे प्रत्येक गाडीच्या जागेपुढे विजेचा खांब असतो. हिवाळ्यात रात्रभर गाडीच्या इंजिनाला तारेने ऊब द्यावी लागते, नाहीतर सकाळी गाडी म्हणजे नुसता लोखंडी पुतळा. खांब आहे, वीज आहे, मग अडचण काय, असा विचार मी केला. जन्मभर इथे राहिलेला माणूसच असा विचार करू शकतो. मी सहलीची बर्फपेटी काढली, तिच्यात चार्जर ठेवला, चार खणांत दोन जोडपी बसवली आणि तार खांबाला लावली. उणे तीस होतं. खाणं गार ठेवण्याच्या पेटीत मी बॅटऱ्या गरम राहाव्यात म्हणून ठेवत होतो, हे लेसियाने खिडकीतून हातवारे करून मला सांगायचा प्रयत्न केला. मी तिला उलटा हात हलवला.

चार्जरने चारही खणांत 'थंड' असं लिहिलं आणि तो गप्प बसला. मी बॅटऱ्या काढून काखेत धरल्या, ऊब दिली, परत घातल्या. तो सुरू झाला. तेवढ्यात खांबाची वीज गेली. वीज वाचावी म्हणून मंडळाने खांबांना घड्याळ लावलंय, थोडा वेळ येते, थोडा वेळ जाते. परत आली तोवर बॅटऱ्या पुन्हा गोठलेल्या. पुन्हा काख. असं किती वेळ चाललं ते सांगत नाही, पण येणारेजाणारे रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागले होते. जाडजूड कोट घातलेला, टोपी डोळ्यांवर आलेला, काखेत हात खुपसून बर्फपेटीशी बोलणारा माणूस बघून मीही तेच केलं असतं.

शेवटी तीन बॅटऱ्यांनी आकडा धरला आणि चौथ्या खणात लिहून आलं, 'खराब'. ती गॉर्डी होती. जुना चार्जर वितळला तेव्हा तीच आत होती. मी रोवेनाला फोन लावला. कानांवर टोपी, वरून वारा, त्यामुळे मला ओरडावं लागलं.

"गॉर्डी संपला!" मी ओरडलो. "हो, हो, तपासलं! बाहेरून दिसायला धड आहे, पण आतून गेलाय! ... मार्लीन? मार्लीन ठणठणीत आहे, मघाशी काखेत धरली तर लगेच तापली!"

रोवेना पलीकडून काहीतरी म्हणाली.

"म्हणजे गॉर्डी गेला की मार्लीनलाही टाकायची? काय अन्याय आहे! तिला एलवुडबरोबर लावून दिली तर? ... बरं बरं, नाही लावत! थोडे दिवस तरी काढील का हा? ... एक दिवसही नाही?"

मी फोन ठेवला आणि मागे एका गाडीचा दरवाजा धाडकन बंद झाला. वळून पाहिलं तर कुणीतरी लाल कोटातलं घराकडे पळत होतं. थंडी फार आहे, बिचारी पळतेय, असं मला वाटलं. लाल कोट आमच्या वस्तीत एकाच बाईकडे आहे, हे मला तेव्हा आठवलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

खांबाची वीज परत गेली. एलवुड आणि रूथही रिकामेच राहिले. वेप बंद, तपासणी गुरुवारी, आणि माझा हात खिशात जाऊन जाऊन कोटाचं अस्तर फाटलं. त्या दोन दिवसांत मी घरातल्या सगळ्यांवर चिडलो. घरात लेसियाच होती, त्यामुळे तिच्या वाट्याला जरा जास्त आलं.

आणि त्याच दोन दिवसांत मॅकफेलांच्या दारी ताटं यायला लागली. आमच्या भागात कुणाच्या घरी माणूस गेला किंवा जायच्या वाटेवर आहे असं कळलं की बायका ओव्हनमधून काढलेली चीज-नूडल्सची ताटं घेऊन निघतात. एक ताट गेलं, दुसरं गेलं, मग खुद्द रूथ पेनर डोळे पुसत हॅम घेऊन गेली.

"त्यांच्याकडचं कुणी गेलं का?" मी लेसियाला विचारलं.

"मला काय माहीत?" ती म्हणाली, पण तिने हे माहीत नसताना म्हटलं की माहीत असताना, हे ओळखणं ब्रह्मदेवालाही जमलेलं नाही. संध्याकाळी तिने पिरोहींचं, म्हणजे बटाट्याच्या सारणाच्या उकडलेल्या करंज्यांचं, ताट भरलं आणि माझ्या हातात दिलं. "देऊन ये. मी मार्लीनकडे बघून येते."

गॉर्डी त्याच्या खोपटीत होता. गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला नेतात ती लाकडी खोपटी तो अंगणातच ठेवतो आणि तिच्यात बसून सिगरेटी ओढतो, कारण मार्लीन घरात ओढू देत नाही. पेनरांनी त्या खोपटीबद्दल त्याला कितीदा तरी बजावलंय. आत धुराने डोळे चुरचुरले, आणि खरं सांगतो, तो वास नाकात गेला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

"ये, ओरेस्ट," तो हळू आवाजात म्हणाला. गॉर्डी हळू बोलतो हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "बर्फाला भोक पाडायचं यंत्र तू घेऊन जा. मुलांना नकोय."

"आणि तू काय वापरणार?"

तो उदास हसला. मग त्याने पाकिटातून दोन सिगरेटी काढल्या. "शेवटची एक बरोबर ओढू. नाही म्हणू नकोस. आपल्या दोस्तीखातर."

मला वाटलं, हा सिगरेट सोडतोय. शेवटची. दोस्तीखातर. दोन दिवस कोरडा राहिलेला माणूस याहून क्षुल्लक कारणावर घसरतो. मी सिगरेट ओठांत धरली. डोळ्यांसमोर टमारा आली, तिचं ते "तू असलास तरी" कानात आलं, आणि तरीही मी सिगरेट काढली नाही. मला माझी लाज वाटत होती आणि ओठ मात्र घट्ट होते. गॉर्डीने काडी ओढली.

"लेसियावर रागावलो नाही मी," तो म्हणाला. काडी त्याच्या हातात जळत होती. "पण तिच्या दवाखान्यात झालेल्या माझ्या हृदयाच्या तपासणीचं तिने तुझ्याआधी मला सांगायला हवं होतं. मार्लीनने सगळं ऐकलं, ओरेस्ट. मी आतून गेलोय. एक दिवसही काढणार नाही म्हणालास. दोन निघाले."

"मी?"

"आणि मी गेल्यावर मार्लीनला एलवुड पेनरच्या गळ्यात बांधायला निघालास! एलवुडच्या? तुला दुसरा कोणी सुचला नाही?"

माझ्या डोक्यात उजेड पडायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात ती काडी जळत गॉर्डीच्या बोटापर्यंत आली. तो ओरडला, काडी पडली. मी खिशात हात घातला, या वेळी पाकिटासाठी नाही, आणि ती मेलेली बॅटरी त्याच्या हातावर ठेवली. त्याने पट्टीवरचं नाव वाचलं. उलटून पुन्हा वाचलं.

"हा मी?"

"हो."

"आणि मार्लीन?"

मी दुसऱ्या खिशातून मार्लीन काढली.

"ही ठणठणीत आहे?"

"अगदी."

"असणारच," गॉर्डी म्हणाला, आणि मग तो जो हसत सुटला तो खोपटीच्या फळ्या हलेपर्यंत. मीही हसलो. जिवात जीव येणं म्हणजे काय ते मी त्याच्या तोंडावर पाहिलं. दोन दिवस मेलेला माणूस परत आला होता आणि आल्या आल्या मला शिव्या देत होता.

त्याच वेळी दार उघडून लेसिया आणि मार्लीन आत आल्या. मार्लीनचे डोळे सुजलेले, लेसियाचे लाल. आपण तोंड उघडलं असा आळ आपल्यावर आला, हे तिला नुकतंच कळलं होतं. तिने आधी माझ्या ओठांकडे पाहिलं. सिगरेट अजून तिथेच होती. लेसिया जवळ आली, ती काढून घेतली, तिचं न पेटलेलं टोक बोटाने चाचपलं आणि दाराबाहेरच्या बर्फात फेकून दिली.

"म्हणजे माझा रिपोर्ट?" गॉर्डीने तिला विचारलं.

"कुणाच्या रिपोर्टबद्दल मी बोलत नाही," लेसिया म्हणाली. मग तिला त्याची दया आली असावी. "पण जो अजून आलाच नाही त्याबद्दल बोलायला हरकत नाही. तुझा आलेला नाही."

"आणि काखेत कोण होतं?" मार्लीनने मला विचारलं. तो खुलासा करायला मात्र बराच वेळ लागला, आणि त्यातला अर्धा वेळ लेसिया माझी बाजू घेत नव्हती.

गुरुवारी पेनर तपासणीला आले. चार्जर ओट्यावर लावला होता. गॉर्डी-मार्लीनच्या जागी रोवेनाकडून आणलेली कोरी जोडी होती, तिला मी शहाणपणाने अ आणि ब म्हटलं होतं. दुसऱ्या दोन बॅटऱ्यांवर मात्र जुनी नावं तशीच राहिली होती, आणि पेनरांनी चष्मा लावून ती वाचली. मी देवाचा धावा सुरू केला.

"हे आम्ही?" त्यांनी विचारलं.

"फक्त लक्षात राहावं म्हणून, पेनर."

ते आकडे बघत राहिले. एलवुड आणि रूथ दोघंही अगदी एकाच आकड्यावर होती, तसूभर फरक नाही. बघता बघता दोघंही एकदमच भरली आणि चार्जर आपण होऊन थांबला.

"समसमान," पेनर म्हणाले. त्यांचा आवाज किंचित चढल्यासारखा वाटला. "इतकी वर्षं झाली." मग खाकरून म्हणाले, "केंद्र सुरक्षित आहे. रूथला दाखवायला घेऊन येऊ का?"

गॉर्डीचा रिपोर्ट त्याच दुपारी आला. हृदय शाबूत, फक्त सिगरेट सोडा म्हणाले. तो तसाच आमच्याकडे आला, तोंड वाकडं करून उभा राहिला आणि म्हणाला, "ते लग्नाचं काय ते सांग. मला दोन खण पुरतील का?"

त्याला मी सगळं समजावतोय तोवर ब्रँडनहून फोन आला. मुलगी झाली होती.

आम्ही होतो तसे गाडीत बसलो. दवाखान्यात टमारा उशांना टेकून बसली होती, कुशीत गाठोडं. मी पुढे झालो, आणि तिने नाक फुगवलं. तेव्हा मला आठवलं की अंगावर तोच कोट आहे जो मी गॉर्डीच्या खोपटीत घातला होता.

"तातो," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उतरला. "मी सांगितलं होतं ना."

आता काय सांगू? खोपटी सांगू, बॅटऱ्यांची लग्नं सांगू, रूथचा हॅम सांगू? ओठांत सिगरेट होती हेही खरंच होतं. जवळपास वर्षभराची मेहनत या एका कोटाने धुळीला मिळवली होती.

"तो धूर गॉर्डीचा आहे," लेसिया मागून म्हणाली. "याने ओढलेली नाही. मी बघितलंय."

टमारा तिच्याकडे बघत राहिली. आपली आई कुणाबद्दल काही सांगत नाही हे तिला जन्मापासून माहीत होतं. आज सांगत होती.

"कोट बाहेर ठेव," टमारा म्हणाली. "हात धू. आणि बस."

मी बसलो. तिने ते गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं. अंगाला दुधाचा वास, तोंड मिटलेलं, आणि वजन इतकं कमी की हाताला खरंच वाटेना. ती जागी होईल या भीतीने मी श्वास रोखून धरला.

"श्वास घे, गीदो," लेसिया म्हणाली.

मी घेतला, अगदी खोलवर. पोर माझ्या छातीला लागून झोपली होती. मी वाट पाहिली, आणि खोकला आला नाही.